दाभोळ : एक जुनं बंदर, एक फेरीबोट आणि आम्ही दोघं

शुक्रवारची संध्याकाळ झाली की आपल्या पिढीतल्या नवरा-बायकोंमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘या वीकेण्डला काय?’ उत्तरंही ठरलेली असतात. मॉल, मल्टिप्लेक्स, कुणाच्या तरी घरी पार्टी, नाहीतर सरळ सोफ्यावर आडवं होऊन अख्खी सिरीज संपवायची. फारच उत्साह असला तर लोणावळा. आता लोणावळ्याला जाऊन चिक्कीच्या दुकानात आपल्याच ऑफिसातले चार चेहरे भेटणार असतील, तर त्याला बाहेरगावी जाणं म्हणायचं की ऑफसाइट मीटिंग, हे तुम्हीच ठरवा.

खरं सांगायचं तर बऱ्याचदा आपल्याला निसर्ग-बिसर्ग नको असतो. हवी असते एकमेकांशी बोलायला जागा. घरात ती मिळत नाही. घरात धुणं असतं, कुकर असतो, ईएमआयचा मेसेज असतो आणि दोघांच्या हातात दोन मोबाइल असतात. महत्त्वाचं बोलणं ‘नंतर बोलू’च्या खात्यात जमा होत राहतं. व्याज मात्र चढतं.

आमच्या खात्यावर तीन आठवड्यांचं व्याज चढलं होतं. माझ्या कंपनीने मला दुबईच्या प्रोजेक्टवर दोन वर्षांसाठी जाण्याची ऑफर दिली होती. पगार, पद, सगळं झकास. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. नवरा साइटवरचा इंजिनीअर. पूल आणि पिलर वर्क फ्रॉम होमने उभे राहत नाहीत, त्यामुळे तो सोबत येण्याचा प्रश्न नव्हता. ज्या दिवशी मी त्याला ही बातमी दिली त्या दिवशी तो ‘अरे वा! कॉन्ग्रॅट्स!’ म्हणाला आणि त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा मारल्या.

शेवटी गुरुवारी रात्री तो म्हणाला, ‘‘शनिवार-रविवार कुठेतरी जाऊ. रेंज कमी असेल अशा ठिकाणी.’’

नकाशावर बोट फिरवत आम्ही दाभोळवर थांबलो.

दाभोळच का?

‘दाभोळ’ म्हटलं की आपल्या आई-बाबांना फक्त एन्रॉन आठवतं. नव्वदच्या दशकात रोज पेपरात हेडलाइन असायची म्हणे. पण दाभोळ त्याच्या कितीतरी आधीपासून जगाच्या नकाशावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर हे गाव वसलंय. पंधराव्या-सोळाव्या शतकात हे पश्चिम किनाऱ्यावरचं बडं प्रस्थ होतं. आज मात्र इथे ना शॅक आहेत, ना डीजे, ना वॉटर स्पोर्ट्‌सची रांग. गर्दी पुढे मुरुड, कर्दे, हर्णैकडे वळते. आम्हाला हवं होतं ते हेच.

ठाण्याहून पहाटे पाचला निघालो. मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, कारण त्याच्या चौपदरीकरणाचं काम सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते. एवढंच सांगते की कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूरच्या पुढचा घाट वाचतो आणि पोटातलं पोटात राहतं. खेडला हायवे सोडायचा, दापोलीत चहा आणि गरमागरम वडापाव हाणायचा, आणि मग साधारण तीस किलोमीटर दाभोळ. हा शेवटचा टप्पा सॉलिड आहे. लाल माती, जांभ्याचे गडगे, काजूची झाडं, वळणावळणाचा उतार, आणि मग एकदम समोर पाणी. रुंद, शांत, हिरवट. ही खाडी. पलीकडे दिसतो तो गुहागर तालुका.

इथे कोण कोण येऊन गेलं!

इतिहासाचा तास नको असेल तर हा भाग सोडून द्या. पण मग दाभोळला जाऊन तुम्ही फक्त मासे खाऊन याल. (तेही वाईट नाही म्हणा.)

घाटावर बहमनी सुलतानांचं राज्य होतं तेव्हा त्यांना समुद्राकडे उघडणारी जी दारं होती, त्यातलं दाभोळ हे एक मोठं दार. घोडे हा इथला हॉट माल. दख्खनच्या फौजांना चांगले अरबी घोडे लागत आणि ते इथे तयार होत नसत. त्यामुळे अरबस्तान, इराणकडून जहाजं भरभरून घोडे यायचे. परत जाताना कापड, मसाले जायचे. घाटाखालचा आणि घाटावरचा माल कुंभार्लीच्या वाटेने कऱ्हाडकडे ये-जा करायचा.

याच बंदरात पंधराव्या शतकाच्या मध्यावर इराणमधल्या गिलानचा एक व्यापारी उतरला. वय चाळिशीचं. इथून तो बिदरला गेला. परत गेलाच नाही. पुढे तो बहमनी राज्याचा मुख्य प्रधान झाला. त्याचं नाव महमूद गवान. बिदरला त्याने १४७२च्या सुमारास बांधलेला भव्य मदरसा आजही अर्धाअधिक उभा आहे. आता याला तुम्ही मिड-करिअर स्विच म्हणणार नाही तर काय? शेवट मात्र वाईट झाला. ऑफिस पॉलिटिक्स तेव्हाही होतंच. विरोधकांनी रचलेल्या बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने १४८१मध्ये त्याला मारलं.

दुसरा पाहुणा रशियाचा. अफनासी निकितिन. वास्को द गामाच्या तीस वर्षं आधी, १४६९च्या सुमारास, तो आपल्याकडच्या चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा. तो घोडाही जुन्नरच्या अधिकाऱ्याने मध्येच काढून घेतला होता, मग कसाबसा परत मिळाला. दोन-तीन वर्षं दख्खन फिरल्यावर त्याला घराची प्रचंड आठवण यायला लागली. तेव्हा तो दाभोळला आला आणि इथूनच जहाजात बसला. किनाऱ्यावरचे आणि आफ्रिकेकडचे सगळे लोक जिथे जमतात असं हे फार मोठं शहर आहे, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. बिचारा घरी मात्र पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वाटेत वारला. त्याच्या वह्या तेवढ्या घरच्या दिशेने पोचल्या.

तिसरा आला तो पाहुणा म्हणून नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा. १५०८मध्ये चौलच्या लढाईत त्याचा तरुण मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला निघालेला हा बाप त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस दाभोळवर उतरला आणि त्याने शहर जाळून टाकलं. माणसं कापली. मुलाला मारणारं आरमार गुजरातचं आणि इजिप्तचं होतं, दाभोळचं नव्हतं. पण दाभोळ वाटेत होतं.

शहर पुन्हा उभं राहिलं, आदिलशाहीत पुन्हा नांदलं, पुढे शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं. पण समुद्रावरची सत्ता बदलली होती, व्यापार सुरतेकडे आणि नंतर मुंबईकडे सरकला. विसाव्या शतकात मुंबईची कोकणबोट इथे थांबायची आणि चाकरमानी सामानसुमान घेऊन उतरायचे. रस्ते झाले आणि तीही बंद झाली.

हे सगळं मी गाडीत नवऱ्याला वाचून दाखवत होते. तो म्हणाला, ‘‘म्हणजे इथे आलेला एक माणूस परत गेला नाही आणि दुसरा परत जाताना वाटेत गेला. आपण नक्की योग्य जागी चाललोय ना?’’

तीन आठवड्यांत या विषयाच्या इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला होता. मी हसले आणि विषय बदलला. रेंज अजून होती.

न झालेल्या प्रवासाची मशीद

धक्क्याजवळ पाण्याच्या अगदी कडेला एक देखणी दगडी मशीद उभी आहे. उंच जोतं, मधोमध घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार. विजापूर पाहिलं असेल तर शैली लगेच ओळखू येते. गावात तिला अंडा मशीद म्हणतात, शाही मशीद असंही म्हणतात. बांधकाम १६५९-६०च्या सुमाराचं.

तिची गोष्ट गावात कुणीही सांगेल. विजापूरची शहजादी आयशाबीबी मक्केला जायला निघाली. मोठा लवाजमा, सोबत भरपूर पैसा. दाभोळला येऊन पोचली, पण समुद्र चाच्यांमुळे सुरक्षित नव्हता. ती थांबली, वाट पाहिली, आणि शेवटी जाणं रद्द केलं. मग प्रवासासाठी आणलेल्या पैशाचं करायचं काय? जाणकारांनी सल्ला दिला की पुण्यकार्यात लावा. त्यातून ही मशीद झाली. आख्यायिका आहे, पुरावा मागू नका. पण पायऱ्यांवर बसून खाडीकडे बघितलं की ती खरी वाटते. पाणी इतकं जवळ आहे, आणि जहाजात पाऊल टाकायचं राहून गेलेलं.

दुपारच्या उन्हातही तिथे गारवा होता. दोन शाळकरी पोरं दप्तरं टाकून कठड्यावर बसली होती. एका आजोबांनी आम्हाला आपणहून कुठून काय बघायचं ते दाखवलं. अशा ठिकाणी जाताना अंगभर कपडे घाला, चपला बाहेर काढा, नमाजाची वेळ असेल तर थांबा. एवढं पाळलं की लोक मनापासून स्वागत करतात.

अंधारातली देवी

गावातलं दुसरं ठिकाण म्हणजे चंडिकादेवीचं देऊळ. बाहेरून बघाल तर साधं कौलारू. आत गेलं की कळतं, देवी जमिनीखालच्या गुहेत आहे. दरवाजा इतका बुटका की वाकूनच शिरावं लागतं. आत विजेचा दिवा नाही. फक्त समया. फोटो काढायचे नाहीत, मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही.

पहिला अर्धा मिनिट काहीच दिसत नाही. मग हळूहळू डोळे सरावतात. आधी ज्योत, मग ज्योतीच्या मागचा शेंदूर, मग देवीचे डोळे. वाट चाचपडताना मी नवऱ्याचा हात धरला होता. ऑफिसच्या कॅबमध्ये, मेट्रोत, मॉलमध्ये आपण हात धरतो तो सवयीने. इथे खरोखर गरज होती. बाहेर आल्यावर दोघंही जरा वेळ गप्पच होतो. फोनवर सात मेसेज आले होते. मी ते उघडले नाहीत.

काकूंचं कॅलेंडर

आम्ही राहिलो ते गावापासून थोडं वर, खाडी दिसते अशा एका घरगुती होमस्टेमध्ये. तीन खोल्या, अंगण, पोफळीची झाडं आणि स्वयंपाकघराच्या सम्राज्ञी काकू. रात्रीचं ताट ऐका. तांदळाची भाकरी, खाडीतला बोय तळलेला, तिसऱ्यांचं सुकं, कालवण, भात आणि सोलकढी. ‘‘अजून एक घ्या हो, भाकरी पातळ आहे,’’ असं म्हणत काकूंनी नवऱ्याला पाच भाकऱ्या खायला लावल्या. डाएट वगैरे प्रकरण त्याने तिथेच वाशिष्ठीत सोडलं.

जेवण झाल्यावर ओटीवर गप्पा रंगल्या. काकूंचे यजमान सत्तावीस वर्षं जहाजावर होते. आता मुलगा आहे. ‘‘आमच्याकडे घरटी एकतरी बाहेर असतोच. कुणी बोटीवर, कुणी मुंबईत, कुणी आखातात. या गावातल्या बायका वाट बघायलाच शिकल्या,’’ असं काकू अगदी सहज म्हणाल्या. वर तक्रारीचा सूर नाही.

मी विचारलं, ‘‘त्रास नाही का व्हायचा?’’

‘‘व्हायचा की. पण आमच्या घरात एक नियम होता,’’ त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला. एका तारखेभोवती लाल पेनने गोल केला होता. ‘‘जाणाऱ्याने परतीची तारीख सांगूनच उंबरठा ओलांडायचा. तारीख पुढे गेली तरी चालतं, बोटीचं काय सांगावं. पण तारीख न सांगता गेलं, तर मागच्या माणसाने रोज कशाची वाट बघायची?’’

काकूंना आमच्या दुबईबद्दल काहीही माहीत नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. पण त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप उशिरा लागली, हे दोघांनाही माहीत होतं.

गाडीसकट बोटीत

रविवारी सकाळी खरी धमाल. दाभोळच्या धक्क्यावरून पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते. २००३ पासून ही सेवा सुरू आहे. कार, बाइक, टेम्पो, एखादी एसटी, माणसं, कोंबड्या, फ्रीज, सगळं एकाच बोटीत. पूर्वी दाभोळहून गुहागरला गाडीने जायचं तर खेड-चिपळूणला लांबलचक वळसा पडायचा. आता पाण्यावरून दहा-पंधरा मिनिटं.

गाडी उलटी चढवायची की सरळ, यावर नवऱ्याने बोटीवरच्या पोराशी इंजिनीअर लोकांना शोभेल अशी चर्चा केली. पोराने ‘‘दादा, फक्त हॅण्डब्रेक लावा’’ म्हणून ती संपवली. गाडीतून उतरून वर कठड्याशी उभं राहायचं. मागे मशिदीचा घुमट लहान होत जातो, डावीकडे पुळणीवर बगळे, उजवीकडे खाडीचं तोंड आणि त्यापलीकडे उघडा समुद्र.

या पाण्याची एक गंमत नवऱ्याने सांगितली. हे सगळं पाणी वाशिष्ठीचं नाहीच. सह्याद्रीच्या पलीकडे पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पोफळीला आणतात, त्यावर वीज तयार होते आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे जे पाणी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जायचं, ते इथे अरबी समुद्रात येतं. ‘‘ट्रान्सफर झालेलं पाणी,’’ मी म्हणाले. तो म्हणाला, ‘‘हो, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.’’

या खाडीचं दुखणंही बोटीवरच ऐकलं. शेजारी उभा असलेला मासेमार सांगत होता, पूर्वी खाडीत मिळणारे किती मासे आता जाळ्यात येत नाहीत. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांतून येणाऱ्या सांडपाण्याबद्दल या खाडीकाठचे भोई वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. आदल्या रात्री ताटात पडलेला बोय किती जपून खायला हवा होता, ते तेव्हा कळलं. पुढेमागे सागरी महामार्गाचा पूल या खाडीवर होणार आहे. पूल झाला की वेळ वाचेल. पण कठड्याला टेकून असं पाणी ऐकायला मिळणार नाही. तेव्हा आत्ताच जाऊन या.

धोपाव्याला उतरून अंजनवेलकडे वळलं की तो प्रसिद्ध वीज प्रकल्प दिसतो. नाव दाभोळचं, पण उभा आहे खाडीच्या या बाजूला. १९९३चा करार, १९९५मध्ये रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९मध्ये वीज सुरू आणि २००१मध्ये बंद. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतली एन्रॉन दिवाळखोरीत निघाली. २००५मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे तो गेला. दाभोळच्या नशिबात मोठी गलबतं येणं आणि जाणं लिहिलेलंच असावं.

गोपाळगडावरचं बोलणं

अंजनवेलचा गोपाळगड खाडीच्या तोंडावर पहाऱ्याला बसल्यासारखा आहे. आदिलशाहीत सुरुवात झालेला, मग शिवाजी महाराज, मग जंजिऱ्याचा सिद्दी, आणि १७४५मध्ये तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून जिंकून त्याला ‘गोपाळगड’ नाव दिलं. पुढे पेशवे आणि १८१८मध्ये इंग्रज. जमिनीच्या बाजूला जांभा खोदून केलेला खोल खंदक आजही नीट दिसतो. तटावर चढलं की एका नजरेत दाभोळ, खाडी, समुद्र. इथे बसलेल्या माणसाच्या नजरेतून एकही जहाज सुटत नसणार.

आमचाही विषय तिथे सुटला नाही.

‘‘तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही,’’ नवरा म्हणाला. ‘‘पण ‘जा’ असंही तोंडातून निघत नाहीये. तीन आठवडे मी तेच वाक्य जुळवतोय.’’

‘‘मला वाटलं तुला फरक पडत नाही.’’

‘‘वेडी आहेस का? मला भीती वाटते. दोन वर्षांनी आपण फक्त एका फ्लॅटचे हप्ते भरणारे दोन पार्टनर झालो असू, अशी.’’

मग मीही माझं बोलून टाकलं. मला जायचंय. खूप जायचंय. आणि न गेले तर एक दिवस कुठल्यातरी फालतू भांडणात, भांडी घासण्यावरून सुद्धा, मी हे त्याला ऐकवेन. त्या दिवसाची मला जास्त भीती वाटते.

थोडा वेळ वारा तेवढा बोलत होता. मग तो म्हणाला, ‘‘आयशाबीबी परवडली. तिने निदान मशीद बांधली. तू मला नुसती टोमणे मारशील.’’ हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं असं काही म्हणता येणार नाही.

पुढचा एक तास आम्ही चक्क मीटिंग घेतली. मोबाइलच्या नोट्समध्ये मुद्दे लिहिले. दोन नाही, आधी एक वर्ष. कंपनीला हे मान्य असेल तर हो, नसेल तर नाही. दर दोन महिन्यांनी भेट, एकदा मी, एकदा तो. तिकिटाचा खर्च दोघांच्या कॉमन खात्यातून, कारण अंतर दोघांचंही आहे. रोज रात्री फोन नाही केला तरी चालेल, पण रविवारचा फोन चुकवायचा नाही आणि त्यात ‘बाकी काय’ म्हणायला बंदी. आई-बाबांना दोघांनी मिळून सांगायचं. आणि सगळ्यात वर, काकूंच्या नियमाप्रमाणे, तारीख. गणपतीला मी घरी. काही झालं तरी.

सोमवारी मी मेल पाठवला. कंपनीने एका वर्षाची अट मान्य केली, वर ‘गरज पडल्यास मुदतवाढ’ अशी पुरवणी जोडली. त्या ओळीवर आमचं भांडण झालंच. तिसऱ्या दिवशी मिटलं. भीती काही गेलेली नाही, त्याचीही आणि माझीही. फक्त आता ती दोघांनाही माहीत आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक लाल गोल आहे.

तुमच्या घरातही ‘नंतर बोलू’ खात्यावर काही साठलं असेल, तर त्याला दाभोळचीच गरज आहे असं नाही. पण दोन दिवस लागतात, हे नक्की. पहिला दिवस गप्प बसायला आणि दुसरा बोलायला.

वीकेण्ड प्लॅनर

कसं जाल? मुंबई-ठाण्याहून मुंबई-गोवा हायवेने खेड, तिथून दापोली आणि पुढे दाभोळ. पुणेकरांना ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून हा रस्ता पकडता येतो. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं खेड स्टेशन, पुढे एसटी किंवा रिक्षा. परतताना फेरीने धोपाव्याला उतरा, गुहागर-चिपळूणमार्गे हायवेला लागा. म्हणजे एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात हिरवाई वेड लावते, पण समुद्र खवळलेला असतो. फेरी सुरू आहे ना, आधी विचारून घ्या. शेवटच्या फेरीची वेळही विचारा.

कुठे राहाल? दाभोळमध्ये मोठी हॉटेलं नाहीत. घरगुती सोय बघा किंवा दापोली, गुहागरला मुक्काम करा. जेवणाची ऑर्डर आधी द्यावी लागते. इथे मासे भरतीवर ठरतात, मेन्यूकार्डवर नाही.

काय बघाल? अंडा मशीद, चंडिकादेवी, फेरीबोट, गोपाळगड, अंजनवेलचं टाळकेश्वर आणि तिथलं दीपगृह (सूर्यास्त इथूनच बघा), गुहागरचं व्याडेश्वराचं देऊळ आणि त्यामागचा लांबच लांब किनारा. आणखी अर्धा दिवस हातात असेल तर दापोली तालुक्यातलीच पन्हाळेकाजीची २९ लेणी आणि उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे.

काय न्याल? सुटे पैसे, टोपी, पाण्याची बाटली, अंगभर कपडे. चार्जर न्यायचा की नाही, ते आपापसात ठरवा.